क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी गेली का? रिपोर्ट कसा वाचावा, उपचार कोणते

बिबवेवाडीतल्या माझ्या दवाखान्यात किडनीचा रिपोर्ट घेऊन येणारे साधारण दोन प्रकारचे असतात. पहिल्यांच्या रिपोर्टवर लॅबने क्रिएटिनिनसमोर १.५ हा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो. रात्रभर मोबाईलवर वाचून झालेले असते आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, डायलिसिस लागणार का?’ दुसरे येतात ते बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या लिहून घ्यायला. त्यांच्या मते त्यांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतो, कारण त्यात काहीच ठळक छापलेले नसते.

पहिल्यांपैकी बहुतेकांना डायलिसिस लागत नाही. दुसऱ्यांपैकी काहींची किडनी मात्र कित्येक वर्षे हळूहळू खराब होत असते आणि त्यांना ते कळलेलेही नसते. औषधांचा सर्वांत जास्त फायदा याच वर्षांत होतो. म्हणून क्रिएटिनिनच्या एका आकड्याने घाबरू नका आणि त्याच एका आकड्याने निश्चिंतही होऊ नका. किडनीची खरी स्थिती कळायला तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, लघवीतले अल्ब्युमिन आणि या दोन्हींत काही महिन्यांत होणारा बदल.

क्रिएटिनिन म्हणजे काय?

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंमध्ये रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीचे काम मंदावले की तो रक्तात साठतो आणि आकडा वाढतो. म्हणजे क्रिएटिनिन हा स्वतः आजार नाही, तो किडनीच्या कामाचा अंदाज देणारा एक आकडा आहे. त्यामुळे ‘क्रिएटिनिन कमी करणारे’ औषध शोधण्यात अर्थ नसतो. किडनी कशामुळे बिघडली ते शोधून त्यावर उपचार करायचे असतात.

क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्यामुळे तो आकडा माणसाच्या अंगकाठीवरही ठरतो. जिममध्ये क्रिएटीनची पावडर घेणाऱ्या किंवा आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लेल्या तरुणाचा आकडा किडनी चांगली असूनही थोडा जास्त येऊ शकतो. उलट, अंगावर मांस नसलेल्या आजींचा आकडा किडनी बरीच बिघडली तरी ‘मर्यादेत’ दिसू शकतो.

ईजीएफआर: एकच आकडा, दोन अर्थ

म्हणूनच क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर काढतात. किडन्या एका मिनिटात साधारण किती मिलिलिटर रक्त गाळतात, याचा हा अंदाज असतो. तरुण निरोगी माणसात तो ९० च्या वर असतो आणि वयाबरोबर थोडा थोडा उतरतो.

समजा, दोघांचे क्रिएटिनिन १.१ आहे. एक २५ वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या ६५ वर्षांच्या बाई. सध्या वापरल्या जाणाऱ्या सूत्राने त्या मुलाचा ईजीएफआर साधारण ९५ येतो, तर बाईंचा साधारण ५६. दोघांच्या रिपोर्टवर १.१ हाच आकडा आहे आणि अनेक लॅब तो ठळक छापणारही नाहीत. मुलाला काही करायची गरज नाही. बाईंची मात्र पुढची तपासणी व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पन्नाशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन १ वरून २ झाले, तर त्याचा ईजीएफआर साधारण ९२ वरून ४० वर येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त काम गेले. तेच क्रिएटिनिन ६ वरून ७ झाले, तर ईजीएफआर ११ वरून ९ होतो. ‘दोनच तर आहे’ असे म्हणून आपण जो काळ दवडतो, त्याच काळात सगळ्यात मोठे नुकसान होत असते.

लॅबने ईजीएफआर छापला नसेल तर तुमच्या डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. मिनिटभराचे काम आहे.

लघवीतले अल्ब्युमिन: सर्वांत आधी मिळणारी सूचना

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन आहे. किडनीची चाळणी शाबूत असेल तर ते लघवीत जवळजवळ उतरत नाही. मधुमेह किंवा बीपीमुळे चाळणीला इजा झाली की ते झिरपू लागते. क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून हे सुरू असू शकते. त्या काळात पायाला सूज नसते, लघवी नेहमीसारखी होते, कुठे दुखतही नाही.

या तपासणीला ‘युरीन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो’ किंवा ‘एसीआर’ म्हणतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा थोडा नमुना पुरतो. ३० च्या आत म्हणजे ठीक, ३० ते ३०० म्हणजे चाळणी झिरपू लागली आहे, ३०० च्या वर म्हणजे जास्त झिरपते आहे. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून वाढलेला आल्यास पुन्हा तपासून खात्री करतात.

टाइप २ मधुमेह असलेल्यांनी निदान झाल्यापासून दरवर्षी क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि एसीआर तपासावे. बीपी असलेल्यांनी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी आणि वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे करून घ्यावे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये क्रिएटिनिन बहुधा असते, एसीआर बऱ्याचदा नसते. ते मागून घ्या.

रिपोर्टमधले इतर शब्द

युरिया आणि बीयूएन: काही लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. बीयूएन १५ आणि युरिया ३२ या एकाच स्थितीच्या दोन भाषा आहेत. लॅब बदलल्यावर ‘युरिया दुप्पट झाला’ म्हणून दचकण्याआधी हे पाहा. शिवाय पाणी कमी प्यायल्याने किंवा पोटात रक्तस्राव झाल्यानेही युरिया वाढतो.

पोटॅशियम: किडनीच्या रुग्णात हा महत्त्वाचा आकडा आहे. तो फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सोनोग्राफी: ‘इकोजेनिसिटी वाढली आहे’ किंवा ‘मेडिकल रीनल डिसीज’ असे शब्द वाचून लोक घाबरतात. रक्त आणि लघवीच्या तपासण्या नॉर्मल असतील तर या शब्दांवरून एकट्याने निदान होत नाही. सोनोग्राफीतून खरी माहिती मिळते ती किडनीच्या आकाराची, मूतखडा किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडली आहे का याची आणि पाण्याच्या गाठी आहेत का याची. लहान, आक्रसलेली किडनी म्हणजे आजार जुना आहे.

अचानक वाढले की जुने आहे?

वाढलेला आकडा दिसला की मी आधी मागचे रिपोर्ट मागतो. दोन वर्षांपूर्वीही क्रिएटिनिन १.५ असेल तर घाईचे कारण नसते. महिन्यापूर्वी ०.९ होते आणि आज १.५ असेल तर ते अजिबात दुर्लक्ष करण्यासारखे नाही. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.

अचानक वाढण्याची कारणे बहुधा सापडतात: उलट्या-जुलाब, उन्हात काम करताना अंगातले पाणी कमी होणे, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिससारखा ताप, अडलेली लघवी, दुखण्याच्या गोळ्या. आषाढी वारीत दिवसभर उन्हातान्हात चालायचे, वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पाणी कमी प्यायचे आणि पाय दुखतात म्हणून दिवसातून दोनदा गोळी घ्यायची, हे तिन्ही एकत्र आले तर चांगल्या किडनीवरही ताण येतो. अशा वेळी कारण लवकर दूर झाले तर किडनी बऱ्याचदा पूर्ववत होते. काहींना त्या काळात थोडे दिवस डायलिसिस लागते आणि नंतर ते बंदही होते.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा अल्ब्युमिन ३० च्या वर तीन महिन्यांहून जास्त राहिले, की त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. ईजीएफआरप्रमाणे त्याचे टप्पे असे:

• टप्पा १: ९० किंवा जास्त, पण लघवीत अल्ब्युमिन किंवा दुसरा दोष
• टप्पा २: ६० ते ८९, त्याचबरोबर लघवीत दोष
• टप्पा ३: ३० ते ५९
• टप्पा ४: १५ ते २९
• टप्पा ५: १५ च्या खाली

तिसऱ्या टप्प्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच डायलिसिस लागत नाही. त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, त्यामुळे किडनी सांभाळणे म्हणजे हृदयही सांभाळणे आहे. ईजीएफआर ३० च्या खाली असेल, एसीआर ३०० च्या वर असेल, आकडा वेगाने बिघडत असेल, लघवीत रक्त असेल किंवा वय कमी असेल, तर किडनीतज्ज्ञांना दाखवण्यात वेळ घालवू नये.

आजार मंदावणारे उपचार

गेलेली किडनी परत आणणारे औषध नाही. उरलेली दीर्घकाळ टिकवणारी औषधे मात्र आहेत.

बीपीवर नियंत्रण: बहुतेकांत १३०/८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतो. अगदी वयस्कर, उठल्यावर चक्कर येणाऱ्या रुग्णांत हे उद्दिष्ट थोडे सैल ठेवावे लागते.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटांतल्या गोळ्या: या बीपी कमी करतात आणि चाळणीवरचा दाब उतरवून अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल आणि पोटॅशियम ठीक असेल, तर गोळी चालू ठेवायची असते. ‘या गोळीने क्रिएटिनिन वाढले’ म्हणून अनेक जण ती परस्पर बंद करतात आणि जी गोळी किडनी वाचवणार तीच सुटते. गरोदरपणात मात्र ही औषधे चालत नाहीत.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: ही मूळची मधुमेहाची औषधे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डापा-सीकेडी’ या अभ्यासात ४,३०४ रुग्ण होते आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. किडनीचे काम निम्म्याने घटणे, डायलिसिसची वेळ येणे किंवा किडनी वा हृदयाच्या आजाराने मृत्यू येणे हा एकत्रित धोका औषध घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून ‘मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की ती किडनीसाठी दिलेली आहे. लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा स्वच्छता ठेवा. टाइप १ मधुमेहात ही गोळी स्वतःहून घेऊ नका.

याशिवाय शुगरवर नियंत्रण, कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद. आजार वाढल्यावर हिमोग्लोबिन उतरते. त्यासाठी लोह आणि गरज पडल्यास एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देतात.

एक नियम घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या: जोराच्या उलट्या-जुलाब होत असतील किंवा खाणेपिणे बंद झाले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. वरच्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या, लघवी जास्त करणारी गोळी आणि मेटफॉर्मिन अशा दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कडक निर्जळी उपवासाआधीही विचारावे.

काय टाळावे?

मार्केट यार्डात पोती उचलणारे, दिवसभर उभे राहून काम करणारे, गुडघे दुखणाऱ्या घरातल्या मावशी, यांच्यातली समान गोष्ट म्हणजे मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही सगळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. किडनीचा आजार असेल तर ती नकोत. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात तुलनेने सुरक्षित आहे. मेडिकलवाल्याला ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणण्याऐवजी ‘मला किडनीचा त्रास आहे’ हे आधी सांगा.

‘किडनी साफ करणारे’ काढे, घटकांचे नाव नसलेल्या पुड्या आणि भस्मे टाळा. काहींमध्ये शिसे, पारा यांसारखे जड धातू सापडले आहेत आणि ते किडनीलाच बाधतात. काही घेत असाल तर लपवू नका, बाटली घेऊन या. मी रागावणार नाही, पण मला ते माहीत असणे गरजेचे आहे. सीटी स्कॅनचे इंजेक्शन किंवा अँजिओग्राफी करायची असेल तेव्हाही आधी आपला ईजीएफआर सांगा.

खाणे-पिणे

मीठ: दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे, बेकरीचे पदार्थ यांतले मीठही त्यात धरा. सैंधव मिठातही सोडियमच असते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. ते किडनीच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते.

प्रथिने: वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम पुरते. प्रोटीन पावडर नको. पण घाबरून वरण, डाळ, दूध सगळे बंद करणेही चूक आहे. त्याने अशक्तपणा येतो.

फळे आणि भाज्या: पोटॅशियम वाढलेले नसेल तर सरसकट बंद करू नका. वाढले असेल तर शहाळ्याचे पाणी, केळी, संत्री, टोमॅटो, बटाटा कमी करावे आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे.

पाणी: ‘भरपूर पाणी प्या म्हणजे किडनी धुऊन निघते’ हा गैरसमज आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तहानेप्रमाणे प्या. सूज असेल, लघवी कमी होत असेल, तर पाणी मोजून घ्यावे लागते.

आजार पुढे गेलाच तर

टप्पा ४ मध्येच घरच्यांनी एकत्र बसून पुढचा विचार करावा. इथे कुटुंबे बहुधा थांबतात. ‘बघू, वेळ आल्यावर’ म्हणतात आणि मग एके रात्री धाप लागलेल्या अवस्थेत, मानेत नळी घालून पहिले डायलिसिस होते. ते टाळता येते.

हिमोडायलिसिस: यंत्रातून रक्त शुद्ध करतात. साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास. त्यासाठी हातात फिश्चुला करतात, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया. फिश्चुला वापरायोग्य व्हायला साधारण सहा आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून तो आधीच करायचा. तोवर ज्या हाताने कमी काम करता त्या हाताच्या शिरा जपा. त्या हातातून रक्त देऊ नका आणि सलाईन लावू देऊ नका. हिपॅटायटिस बी ची लसही आधीच घ्या.

पोटाचे डायलिसिस: पोटात बसवलेल्या नळीतून द्रव भरायचा आणि काही तासांनी काढायचा. दिवसातून तीन ते चार वेळा, घरीच. सेंटर लांब असलेल्या गावच्या रुग्णांना हे सोयीचे पडते. स्वच्छता काटेकोर हवी.

प्रत्यारोपण: ज्यांची प्रकृती झेपेल अशांसाठी हा सर्वांत चांगला पर्याय. डायलिसिस सुरू होण्याआधीही करता येते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आणि २०११ च्या सुधारणेनंतर पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. किडनी विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलीचा मार्ग कायद्यात आहे. घरात देणारे कुणी नसेल तर प्रत्यारोपण केंद्रामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवता येते. मेंदूमृत दात्याचे अवयव या यादीनुसार दिले जातात. यादी लांब असते, म्हणून नाव लवकर नोंदवा.

आपल्याकडे जिवंत दात्यांत आई आणि बायकोच जास्त असतात. त्यांनी मनापासून दिले तर त्यासारखे दुसरे काही नाही. पण ‘तिनेच द्यायचे’ असे गृहीत धरू नका. दात्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याचा आणि नाही म्हणण्याचा हक्क आहे.

डायलिसिसविना उपचार: खूप वयस्कर, अनेक आजार असलेल्या रुग्णाला डायलिसिसने आयुष्य वाढण्यापेक्षा दगदगच जास्त होऊ शकते. अशा वेळी डायलिसिस न करता धाप, मळमळ, खाज यांवर उपचार करून घरी सुखाने ठेवणे हाही वैद्यकीय निर्णय आहे. रुग्णाला काय हवे ते शुद्धीत असताना विचारा.

खर्चासाठी कुठे विचारावे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही येते. २०२३ च्या निर्णयानुसार प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. ईएसआयचे विमाधारक कामगार असाल तर बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

• लघवी अगदी कमी किंवा बंद झाली
• आडवे झाल्यावर धाप लागते
• पोटॅशियम ६ च्या वर आले
• सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे
• छातीत धडधड किंवा एकदम हातापायांतली शक्ती जाणे

पुढच्या भेटीत हे विचारा

• माझा ईजीएफआर आणि एसीआर किती? मागच्या वेळी किती होता?
• माझ्या किडनीला कशामुळे त्रास झाला?
• मी घेत असलेल्या गोळ्यांपैकी किडनीला जपणारी कोणती आणि टाळायची कोणती?
• पुन्हा तपासणी केव्हा करायची?

या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. गावी, प्रवासात किंवा रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर तो कागद फार उपयोगी पडतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)